गोळी डोक्याला, दुखणं घरात

परवा भिशीला जमलो होतो. एकीने हळूच सांगितलं, "जाऊबाईंना डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या चालू केल्यात. पण खरं सांगू, घरात कुणी बोलतच नाही गं त्यांच्याशी." सगळ्या गप्प. मग चहा आला नि विषय बदलला.

मैत्रिणींनो, तिच्या या बोलण्यात मानसशास्त्रातला एक जुना वाद आहे. चिकित्सा मानसशास्त्र एका माणसाच्या मनातला आजार शोधतं. सामाजिक मानसशास्त्र त्याच्या भोवतीची माणसं बघतं. अमेरिकेत १९२१ पासून दोन्हींचे लेख एकाच नियतकालिकात छापले जायचे. १९६५ मध्ये वेगळ्या चुली मांडल्या गेल्या. (जावाजावांसारखंच की!)

पण दुखणं काही असं वाटून घेता येत नाही. लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांचा जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी अभ्यास केला, त्याचं पुस्तक १९७८ मध्ये आलं. संकटं तर पुष्कळ जणींवर आली होती, मग नैराश्याने कुणाला गाठलं? घरात चौदा वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं, बाहेर नोकरी नाही, अकरा वर्षांची व्हायच्या आत आई गेलेली, आणि मन मोकळं करायला जवळचं माणूस नाही, अशा बायकांना धोका जास्त होता. हे लंडनचं वर्णन आहे, आपल्या गल्लीचं नव्हे!

आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये ४८,१७२ स्त्रियांनी आत्महत्या केली. त्यात २५,३०९ गृहिणी. आता गृहिणींची संख्याच मोठी, हे मान्य. पण स्त्री-पुरुष मिळून बघितलं तरी कारणांत पहिली नोंद कौटुंबिक समस्यांची आहे, ३१.७ टक्के. आजारपण त्यानंतर, १८.४ टक्के. तरी आपण बाईला एकटीलाच दवाखान्यात नेतो. नवरा, सासू बाहेर बाकावर.

गोळ्यांना मी नावं ठेवत नाही. ज्यांना लागतात त्यांनी घ्याव्यात, मनाने बंद तर मुळीच करू नयेत. पण गोव्यातल्या 'मानस' प्रयोगात डॉक्टर नसलेल्या, नुसतं प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांची जोड मिळाली, तेव्हा सरकारी आरोग्य केंद्रांतले जास्त रुग्ण बरे झाले. २०१० मध्ये ते प्रसिद्धही झालं.

ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही फुकट सेवा आहे, नंबर १४४१६. मराठीतही बोलता येतं. मी तो त्या मैत्रिणीला लिहून दिला. ती म्हणाली, "देते, पण त्यांचा मोबाइल मुलाकडे असतो. आणि बोलणार कुठे, स्वयंपाकघरात?"