मूल चालायला लागलं आणि आपली वही मिटली



पालकसभेत मी एक प्रश्न हमखास विचारते. तुमचं मूल पालथं कधी पडलं, बसायला कधी लागलं, पहिलं पाऊल कधी टाकलं? आया पटापट सांगतात. कुणी महिना सांगतं, कुणी सण सांगतं. "बोरन्हाण केलं तेव्हा धरून उभा राहत होता." आजी आली असेल तर थोरल्याचं आणि धाकटीचं अंतरही सांगून मोकळी होते. मग मी दुसरा प्रश्न विचारते. तुमचं मूल लंगडी घालत अंगण पार करायला कधी लागलं? दोरीवरच्या सलग दहा उड्या कधी जमल्या? चेंडू छातीशी न कवटाळता नुसत्या हातांनी कधी झेलला? इथे सभा गप्प होते. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतं, "बाई, त्याचा स्पर्धेत नंबर नाही आला कधी."

आज मला या उत्तराबद्दलच बोलायचं आहे. मूल चालेपर्यंत आपण त्याचे टप्पे मोजतो. ते चालायला लागलं की टप्प्यांची वही मिटते आणि नंबरांची वही उघडते. या नंबरांच्या वहीत पहिली तीन मुलं सोडली तर बाकीच्यांसाठी पानच नसतं. वर्गात चाळीस मुलं असतील तर सदतीस मुलांच्या शरीराने वर्षभरात काय काय शिकून घेतलं, हे घरातही कुणाला माहीत नसतं आणि शाळेतही नसतं.

टप्पे मोजताना आपल्याकडे केवढा धीर असतो, हेही बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बाळांच्या हालचालींच्या टप्प्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच देशांतली निरोगी बाळं त्यात होती, आपल्याकडची दिल्लीतली. कुणाचाही आधार न घेता चालण्याचा काळ त्यात निघाला ८.२ महिने ते १७.६ महिने. म्हणजे एक बाळ नवव्या महिन्यात चाललं आणि दुसरं सतराव्या महिन्यात, तरी दोन्ही बाळं ठीक. चारेक टक्के बाळं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तशीच पुढच्या टप्प्यांवर गेली. (दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल तर डॉक्टरांना दाखवावं, हेही इथे सांगून ठेवते.) आपल्या आज्यांना हा अभ्यास न वाचताच कळत होतं. "लागेल गं चालायला, घाई काय आहे," असं म्हणून त्या सुनेला धीर द्यायच्या. नऊ महिन्यांचा फरक आपण हसत स्वीकारत होतो.

तेच मूल सहा वर्षांचं होऊन पहिलीत येतं. आता त्याच्या शेजारी त्याच्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठं मूल बसतं. सहा वर्षांच्या मुलाला अकरा महिने म्हणजे आतापर्यंतच्या आयुष्याचा जवळजवळ सातवा हिस्सा. या वयात उंची वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरने वाढते, म्हणजे शर्यतीच्या रेषेवर उभं राहतानाच एकाचे पाय दुसऱ्यापेक्षा लांब असतात. आपण शिट्टी वाजवतो, मुलं धावतात, मोठं मूल पुढे येतं आणि आपण ठरवून टाकतो की हा चपळ आणि तो मंद. बारावा महिना आणि सतरावा महिना यांत फरक न करणारे आपण इथे एका शर्यतीत निकाल लावून बसतो.

हा फरक पुढे आपोआप भरून निघेल असं वाटतं, पण तसं होतंच असं नाही. १९८० च्या दशकात कॅनडात आइस हॉकीच्या वरच्या संघांतल्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या गेल्या. तिथे वयोगट १ जानेवारीपासून मोजत. संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं कितीतरी जास्त निघाली. नंतर फुटबॉलमध्येही हेच दिसलं. कारण साधं आहे. लहानपणी जो थोडा मोठा दिसतो त्याची निवड होते, निवड झाली की त्याला सराव मिळतो, मार्गदर्शक मिळतो, शाबासकी मिळते, आणि मग तो खरोखरच पुढे जातो. जो मागे राहिला तो खेळायचंच सोडतो. आपल्याकडे शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे असतात. त्यातही १४ वर्षांखालचा गट म्हणजे मोठीच गंमत. मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांचा चौदाव्याच्या. कुणाचा दोन वर्षं आधी येतो, कुणाचा दोन वर्षं उशिरा. त्यामुळे एकाच गटात मिसरूड फुटलेला गडी आणि दुधाच्या दातांची आठवण ताजी असलेलं पोर समोरासमोर कबड्डी खेळतात. (वयोगटात बसवायला जन्मतारखेशी खेळणारे महाभाग वेगळेच. त्यांच्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.)

मी स्पर्धांच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते. मुलांना जिंकायला आवडतं आणि आवडू द्यावं. सगळ्यांना एकेक पदक वाटून टाकायची जी नवी पद्धत काही शाळांत आली आहे, तीही मला पटत नाही. मुलं खुळी नसतात. सगळ्यांना मिळालेलं पदक संध्याकाळपर्यंत धाकट्या भावाच्या खेळण्यात जाऊन पडतं. माझा आक्षेप एवढाच आहे की वर्षातून एक दिवस लागणारा निकाल हीच आपल्याकडची एकमेव नोंद झाली आहे.

मग नोंदवायचं काय? भरपूर आहे. मूल एकेका पायरीवर एकेक पाऊल टाकत जिना चढायला लागतं ते साधारण तिसऱ्या वर्षी. एका पायावर उड्या चार-पाच वर्षांचं झाल्यावर जमायला लागतात, त्यातूनच पुढे लंगडी. चेंडू झेलताना आधी मूल दोन्ही हातांनी तो छातीशी दाबून धरतं आणि डोळे मिटून घेतं. मग एक दिवस डोळे उघडे राहतात आणि नुसते पंजे पुढे येतात. फेकताना तर आणखी मजा. लहान मूल ज्या हाताने फेकतं त्याच बाजूचा पाय पुढे टाकतं किंवा जागचं हलतच नाही. उजव्या हाताने फेकताना डावा पाय पुढे जायला लागला की समजा, फेकणं अंगात मुरलं. हा बदल मैदानाच्या कडेला उभं राहून दोन मिनिटांत दिसतो. त्याला ना घड्याळ लागतं ना टेप.

शरीराचे टप्पे झाले, तसे मनाचेही आहेत. खो-खोत पाठीला हात लागणं आणि तोंडाने "खो" म्हणणं एकदम व्हावं लागतं. तिसरी-चौथीतलं मूल आधी ओरडतं किंवा नुसतंच ढकलतं. ज्या दिवशी दोन्ही जुळतं त्या दिवशी त्याला दुसऱ्याची चाहूल घेऊन हलणं कळलेलं असतं. कबड्डीत पंचांनी बघितलं नसताना "माझा हात लागला होता" असं स्वतःहून सांगणारा मुलगा मी पाहिला आहे. त्याचा संघ त्या गुणाने हरला. मुलं त्याच्यावर चिडली, आणि घरी गेल्यावर वडिलांनीही त्यालाच वेड्यात काढलं. नंबरांच्या वहीत त्या दिवसाची नोंद "हरलो" एवढीच आहे.

आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. सहावीपर्यंत मैदानावर जेवढ्या मुली दिसतात तेवढ्या आठवीत दिसत नाहीत. तुमच्या शाळेत बघा, मोजा. माझ्याकडे एक मुलगी होती. पाचवी-सहावीत खांबापाशी असा सूर मारायची की मोठ्या वर्गाच्या मुली बघत राहायच्या. सातवीच्या जूनमध्ये आली ती चांगली वीतभर वाढून. धावताना अडखळायला लागली, सूर चुकायला लागला. आपलेच हातपाय तिला परके झाले होते. त्याच काळात पाळी सुरू झाली. दिवाळीनंतर ती पी.टी.च्या तासाला झाडाखाली बसू लागली. रोज नवीन कारण. आईला बोलावलं तर आई म्हणाली, "मला वाटलं, तिला आता आवडत नसेल. आणि मोठी झाली की नाही, उड्या मारणं बरं दिसत नाही." या आईला मुलीचा पहिला दात कोणत्या वारी आला ते पाठ होतं. दारात एवढा मोठा टप्पा उभा होता, तो मात्र तिला खेळ संपल्याची खूण वाटला.

आम्ही काय केलं? फार काही नाही. त्या मुलींना मैदानावर स्कर्टऐवजी ट्रॅक पँट घालायची परवानगी दिली. शिक्षिकांच्या खोलीतल्या कपाटात सॅनिटरी पॅड ठेवले आणि ते आहेत हे मुलींना सांगितलं. आईला समजावलं की उंची भरभर वाढली की काही महिने असा घोटाळा होतो, शरीर पुन्हा सवयीला येतं. मुलगी मैदानावर परतली, पण संघात तिची जागा तोवर दुसरीने घेतली होती. आठवीत ती राखीव खेळाडू होती. अधलं ते सहामाहीचं नुकसान भरून निघालं नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या महिलांनी तो जिंकला, आणि कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. ते कात्रण आम्ही फलकावर लावलं. मुलींनी वाचलंही. पण फलकावरच्या कात्रणाने झाडाखालची मुलगी उठत नाही, तिच्या घरून कुणीतरी मैदानाकडे बघावं लागतं.

पदकाच्या गोष्टी सांगून मी तुम्हाला भुलवणार नाही. आपल्या बहुतेक मुलांना पदक मिळणार नाही आणि त्यात वाईट काही नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. जगभरात ११ ते १७ वयाची ८० टक्क्यांहून जास्त मुलं तेवढी करत नाहीत. खरी काळजी याची आहे. आणि नववीच्या शेवटी दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी "बाई, एखादं प्रमाणपत्र मिळेल का" म्हणून येणाऱ्या पालकांना काय सांगायचं, हे तुम्हीच सुचवा.

काही पालक म्हणतील, आम्हाला वेळ कुठे आहे? खरं आहे. माझ्या शाळेतले निम्मे पालक मजुरीला जातात, काही ऊसतोडीला सहा महिने बाहेरच असतात. पण पहिल्या पावलाची तारीख लक्षात ठेवायला तरी कुणी रजा काढली होती? नजर होती, म्हणून लक्षात राहिली. आजीची नजर चालेल, मोठ्या बहिणीची चालेल. सामन्याला आलात तर मोबाइलवर चित्रण करण्याऐवजी थोडा वेळ नुसतं बघा. रेषेवरून "पळ की, झोपलास काय!" असं ओरडू नका, मूल तुमच्याकडे बघतं आणि तेवढ्यात मागे पडतं. घरी जाताना "कितवा आलास?" हा प्रश्न वाटेवर तरी विचारू नका. मूल सांगायचं ते स्वतःच सांगतं, साधारण घराच्या वळणावर.

शिक्षकांनाही एक सांगायचं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान असावं असं लिहिलं आहे, आणि पी.टी.चा तास वेळापत्रकात असतो. तो गणिताला देऊन टाकणारे आपणच असतो. परीक्षा जवळ आली की पहिला बळी त्याचाच जातो. तो तास राहिला तर नोंदी करायला वेगळा वेळ काढावा लागत नाही.

मी गेल्या तीन वर्षांपासून प्रत्येक मुलाचं एक पान ठेवते. जूनमध्ये आणि जानेवारीत त्यावर चार गोष्टी लिहिते: जागच्या जागी मारलेली लांब उडी किती, दोरीच्या सलग उड्या किती, पन्नास मीटर धावायला किती सेकंद, आणि या सहा महिन्यांत नवीन काय जमलं. पहिल्या तीन गोष्टी मूल स्वतः मोजतं आणि फक्त स्वतःच्या जुन्या आकड्याशी ताडून बघतं. शेजाऱ्याचं पान दाखवत नाही. चौथी जागा पालकांसाठी रिकामी ठेवते आणि पान घरी पाठवते. पहिल्या वर्षी बरीच पानं कोरी परत आली, काहींवर नुसती सही होती, प्रगतिपुस्तकावर करतात तशी. यंदा निम्म्याहून जास्त भरून आली. एका आईने लिहिलं, "मोठ्या सायकलवर मधल्या दांडीखालून पाय घालून चालवते." एका वडिलांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, "विहिरीत पोहतो. आधी पाठीला डबा बांधून. एप्रिलात डबा सोडला. मी पाण्यातच होतो."