वीकेंड फंडा : घडणावळ कमी करा ना!

सिनेमा झाला, चाट झालं, आता या संडेला काय? अमरावती-अकोल्याच्या यंग पब्लिकसाठी एक भन्नाट ऑप्शन : स्वतःच्या हातानं दागिना घडवा!

सुरुवात चांदीनं नको, खिशाला झेपणार नाही. मिलिमीटरभर जाडीची तांब्याची तार, पक्कड, छोटी हातोडी, कानस आणि तार गुंडाळायला गोल लोखंडी दांडी. बस्स! साधी अंगठी पहिल्याच दिवशी जमते.

खरी गंमत पुढे आहे. तार ठोकत-वाकवत गेलं की कडक होते आणि हट्ट केला तर चक्क तुटते. मग तिला मंद लाल होईपर्यंत तापवायचं, पाण्यात सोडायचं, की पुन्हा मऊ! जोडकामाला टाकणखार आणि डाग लागतो. हे मात्र जाणत्या कारागिराशेजारी बसूनच शिका. चांदी ९६२ अंशांना वितळते. डाग त्याच्या जरा आधी वितळायला हवा. आच क्षणभर जास्त झाली, की दागिन्याचा गोळा!

चांदीकामाची ओढ लागलीच, तर 'रजतनगरी' म्हणून नावाजलेलं खामगाव अकोल्याहून फार लांब नाही. एक चक्कर माराच.

आणि एक चेंज गॅरंटीड. सराफाकडे 'भाऊ, घडणावळ कमी करा ना' म्हणताना जीभ अडखळेल. आपण ओव्हरटाइमचा हिशेब मागतोच ना? एका कडीमागे किती ठोके असतात, ते आता तुमच्या बोटांनाही माहीत असेल.