कागदी संशोधन आणि आलापल्लीचें रान

संशोधन हा शब्द मराठींत एके काळीं मोठ्या वजनानें वापरला जात असे. एका जुन्या कागदासाठीं राजवाड्यांसारखा मनुष्य गांवोगांव पायपीट करी, दप्तरांवरची धूळ झटकी, आणि मग एखादें विधान करी; तें विधान कोणास मान्य होवो वा न होवो, त्यामागची पायपीट कोणासहि नाकारतां येत नसे. आज हाच शब्द इतका स्वस्त झाला आहे कीं, लेखासोबत शुल्काची पावती जोडली म्हणजे आठ-पंधरा दिवसांत कोणासहि संशोधक होतां येतें. या स्वस्ताईविषयीं चार कठोर शब्द लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे. ते लिहितांना पुण्यामुंबईच्या विद्यापीठांकडे न पाहतां गडचिरोली जिल्ह्यांतील आलापल्ली या अरण्यांतल्या गांवीं उभें राहावें असें वाटतें. कारण खऱ्या व खोट्या संशोधनांतलें अंतर त्या मुलखांत जितकें उघडें दिसतें, तितकें इतरत्र क्वचितच दिसत असेल.

प्रथम खोट्याचा समाचार घेऊं. 'बहुविद्याशाखीय' असें बिरुद मिरविणाऱ्या नियतकालिकांपैकीं एखाद्याचा अंक वाचकांनीं हातीं घेऊन पाहावा. त्यांत पहिला लेख वैद्यकावर असतो, दुसरा आरोग्याच्या समाजशास्त्रावर, तिसरा हरित रसायनावर, चौथा शेतीवर. चारहि विषय उत्तम. विषयांस आमची हरकत नाहीं. हरकत अशी कीं, चारहि लेख वाचून झाले तरी ते कोणत्या गांवीं, कोणत्या ऋतूंत, कोणाच्या अंगणांत किंवा कोणत्या बांधावर सुचले याचा मागमूस लागत नाहीं. आरोग्यावरील लेखांत 'ग्रामीण महिला' भेटते, तिचें गांव भेटत नाहीं. रसायनावरील लेखांत आनास्टास व वॉर्नर या अमेरिकन रसायनज्ञांनीं १९९८ सालीं मांडलेलीं बारा तत्त्वें ओळीनें उतरून घेतलेलीं असतात, आणि लेखकाच्या खिडकींतून दिसणाऱ्या मोहाच्या झाडाचा नामोल्लेखहि नसतो. शेतीवरील लेखांत माती असते, पण ती कोणाच्या शेतांतली तें विचारूं नये. शेवटीं निष्कर्ष म्हणून 'जनजागृतीची नितांत आवश्यकता आहे' हें ठरीव वाक्य. एवढें एक वाक्य लिहिण्यासाठीं संशोधनाची गरज कोणास पडली होती, तें आम्हांस आजवर उमगलेलें नाहीं.

हा सारा दोष एकट्या प्राध्यापकाच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० सालीं बढतीसाठीं गुणांचें कोष्टक घालून दिलें. लेखास इतके गुण, ग्रंथास इतके, परिषदेस इतके. गुण जेथें मोजून मिळतात तेथें ते विकणारीं दुकानें निघावयाचींच. २०१८ सालीं पुण्याचे भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनीं 'करंट सायन्स' या नियतकालिकांत एक परीक्षण प्रसिद्ध केलें. आयोगाच्या मान्य यादींत विद्यापीठांच्या शिफारशीनें शिरलेलीं नियतकालिकें त्यांनीं तपासलीं, तों शेंकडा ८८हून अधिक हलक्या दर्जाचीं ठरण्याजोगीं निघालीं. शिफारस करणारीं विद्यापीठेंच होतीं, हें वाचकांनीं विसरूं नये! त्याच वर्षीं आयोगानें ४,३०५ नियतकालिकें यादींतून काढून टाकलीं. पुढें 'केअर' नांवाची नवी यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें तीहि गुंडाळण्यांत आली. आतां पारख ज्या त्या संस्थेनें आपली आपण करावयाची आहे. दारावरचा पहारेकरी गेला, तेव्हां घरांत काय येऊं द्यावें हें ठरविण्याची जबाबदारी घरच्या माणसांवर आली. हा वाद आजच काढण्याचें कारण हेंच.

आतां आलापल्लीकडे वळूं. अहेरी तालुक्यांतलें हें गांव सागवानासाठीं प्रसिद्ध आहे; भामरागड, एटापल्ली, सिरोंचा यांकडे जाणारे रस्ते येथून फुटतात. जवळच 'वनवैभव' म्हणून सुमारें सहा हेक्टरांचा रानाचा तुकडा कुऱ्हाडीपासून राखून ठेविला आहे, आणि २०१४ सालीं त्यास जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली. अशा मुलखांत ते चार विषय चार राहतच नाहींत. चैत्रांत पहांटे मोहफुलें वेंचावयास निघालेली एखादी माडिया बाई डोळ्यांपुढें आणावी. शेत वर्षभर पुरत नाहीं म्हणून ती रानांत जाते. ही शेतीची गोष्ट झाली. वेंचलेलीं फुलें न कुजतां वाळवावींत कशीं, बियांचें तेल खवट कां होतें, हें रसायन. पावसाळ्यांत तिला हिंवताप गांठतो, तिच्या लेंकराच्या रक्तांत सिकलसेलचा दोष असूं शकतो, हें वैद्यक. आणि ताप चढला असतां ती आधीं पुजाऱ्याकडे जाते कीं दवाखान्यांत, व तसें कां, हें समाजशास्त्र. चार विद्याशाखा एका टोपलींतून घरीं येतात! 'बहुविद्याशाखीय' या शब्दास अर्थ असेल तर तो या बाईच्या आयुष्यांत आहे. मुखपृष्ठावर तो शब्द छापून अर्थ येत नाहीं.

यावर ठरलेलें उत्तर असें कीं, 'आडरानांत संशोधन करावें कसें? प्रयोगशाळा नाहीं, यंत्रें नाहींत, ग्रंथालय नाहीं.' हें उत्तर इतर कोणत्याहि जिल्ह्यांत खपलें असतें, गडचिरोलींत खपणार नाहीं. डॉ. अभय व डॉ. राणी बंग हें दांपत्य १९८६ सालीं या जिल्ह्यांत आलें आणि त्यांनीं 'सर्च' ही संस्था काढली. तेव्हां जिल्हा निर्माण होऊन चार वर्षें झालीं होतीं. तीन वर्षांत, म्हणजे १९८९ सालीं, 'लॅन्सेट' या विलायतेंतील अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचा निबंध आला. दोन गांवांतील ६५० स्त्रियांची त्यांनीं तपासणी केली होती. शेंकडा ९२ जणींस कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वीं अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा आठच होत्या. ग्रामीण स्त्रीचें आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, या समजुतीस त्या निबंधानें जगभर धक्का दिला. यासाठीं लागलें तें यंत्र दुर्मिळ नव्हतें. जी गोष्ट बाई आपल्या नवऱ्याजवळहि बोलत नाहीं ती तिनें परक्यापाशीं सांगावी एवढा विश्वास संपादावा लागला, आणि तो मात्र कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं.

दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. बालकांच्या न्यूमोनियाची मोठी खूण म्हणजे जलद श्वास. दोन महिन्यांखालील अर्भकाचा श्वास मिनिटास साठ किंवा अधिक झाला कीं धोका ओळखावा. पण साठ मोजणार कोण? गांवांतल्या दाईस आंकडे मोजण्याची संवय नव्हती. तेव्हां वाळूचें एका मिनिटाचें घड्याळ आणि तारेंत ओवलेले मणी अशी पाटी तयार करण्यांत आली; दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावा, आणि वाळू संपण्याच्या आंत धोक्याचा मणी सरकला तर औषध सुरू करावें. ज्या गांवांत हा उपक्रम चालला तेथें न्यूमोनियानें होणारे बालमृत्यु तुलनेच्या गांवांतील प्रमाणाच्या निम्म्याहून खालीं आले, असें १९९०च्या निबंधांत नमूद आहे. पुढें ३९ गांवांत, गांवच्याच शिकविलेल्या बायांनीं नवजात अर्भकांची घरीं शुश्रूषा करण्याचा प्रयोग झाला. तेथील नवजातांचे मृत्यु हजारीं ६२ वरून २५च्या आसपास उतरले. हा निबंध १९९९चा. २०११ सालीं भारत सरकारनें ही पद्धत 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर लागू केली. मणी आणि वाळू! आमच्या महाविद्यालयांतील कांचेच्या कपाटांत कुलूपबंद असलेल्या उपकरणांची किंमत याहून खासच अधिक असेल.

याच दांपत्यानें आरंभीं सिकलसेलची पाहणी केली होती. शास्त्राच्या दृष्टीनें ती चोख होती, परंतु लोकांना तो आपला प्रश्न वाटला नाहीं, हें पुढें त्यांनीं स्वतःच मोकळेपणानें सांगितलें आहे. त्यानंतर लोकांना विचारून कामें ठरूं लागलीं. दवाखाना झोंपड्यांच्या घाटाचा झाला आणि त्यास दंतेश्वरी देवीचें नांव मिळालें. राणी बंग यांचें 'गोईण' हें पुस्तक ज्यांनीं वाचलें असेल त्यांस, झाडें व बायका यांचें तेथलें मैत्र किती खोल आहे आणि तें समजण्यास वैद्याला किती काळ नुसतें ऐकत बसावें लागतें, हें वेगळें सांगावयास नको.

'बंग हे मोठे डॉक्टर, अमेरिकेंत शिकून आलेले; आम्हांस त्यांचा दाखला कशास देतां?' असें कोणी म्हणेल. ठीक. मग शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील दादाजी खोब्रागडे यांचा दाखला घ्या. नागभीड तालुक्यांतील नांदेड हें त्यांचें खेडें, शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन एकर-दीड एकर. १९८३ सालीं 'पटेल ३' या भाताच्या उभ्या पिकांत त्यांस कांहीं ओंब्या निराळ्या रंगाच्या दिसल्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शेतांतहि तसल्या ओंब्या कदाचित् असतील. त्या दिसल्या एकट्या दादाजींना. त्यांनीं तें बी बाजूस काढलें, वेगळें पेरलें, पुढच्या वर्षीं पुन्हा निवडलें, आणि असें वर्षामागून वर्ष केलें. तांदूळ बारीक, शिजावयास चांगला, उतारा भरघोस. एका व्यापाऱ्यानें त्या काळीं लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचें 'एचएमटी' हें नांव त्यास देऊन टाकलें, आणि त्या नांवानें तें भात महाराष्ट्राबाहेरहि पसरलें.

१९९४ सालीं पंजाबराव कृषि विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्रानें दादाजींकडून तें बी नेलें, आणि १९९८ सालीं विद्यापीठानें 'पीकेव्ही-एचएमटी' या नांवानें एक जात प्रसारित केली. मूळ बी मिश्र होतें, तें आम्हीं शुद्ध केलें, असें विद्यापीठाचें म्हणणें. शुद्धीकरण हें शास्त्रांत मोडतें, याविषयीं आमचा वाद नाहीं. पण हजारों ओंब्यांतून नेमकी वेगळी ओंबी ओळखणें, ती टिकवणें, आणि तिचा वंश पिढ्यान् पिढ्या निवडीत राहणें, यास शास्त्रांत कांहीं नांव आहे कीं नाहीं? डार्विननें आपल्या ग्रंथाचा आरंभ कबुतरें पाळणाऱ्यांच्या निवडीनें केला. त्या पाळणाऱ्यांस त्यानें गांवढळ म्हणून हिणवलें नाहीं, त्यांच्यापाशीं बसून त्यांची विद्या टिपून घेतली. दादाजींस राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार २००५ सालीं मिळाला खरा. पण पुरस्कारानें घर चालत नाहीं. २०१८ सालीं ते वारले, आणि वारले तेहि शोधग्राम येथील 'सर्च'च्याच रुग्णालयांत. आयोगाच्या कोष्टकांत त्यांच्या नांवापुढें गुण किती पडले असते, याचा हिशेब ज्यांनीं तें कोष्टक आंखलें त्यांनींच करावा.

प्राध्यापकांचा एक आक्षेप मात्र आम्ही पूर्णपणें मानतों. रिक्त जागा, तासांचा बोजा, निवडणुकीचीं व जनगणनेचीं कामें, यांतून वर्षानुवर्षें चालणारी पाहणी एकट्यादुकट्यास झेपत नाहीं. पण त्यावर उपाय म्हणून लटका लेख छापावा, हें कसें सिद्ध होतें? वेळ नसेल तर लिहूं नये. आणि लिहिलें नाहीं म्हणून बढती अडवूं नये, असें उघडपणें मागावें. ती मागणी प्रामाणिक आहे आणि तीस आम्ही पाठिंबा देऊं. लटक्या लेखानें मात्र दुहेरी नुकसान होतें: विद्यार्थ्यास वाटतें संशोधन म्हणजे हेंच, आणि गांवकऱ्यास वाटतें हे लोक येतात, प्रश्नावली भरून घेतात, व पुन्हा तोंड दाखवीत नाहींत. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) गांवानें २००९ सालीं आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविला, त्यापूर्वीं कित्येक वर्षें तेथील लोक आपले अभ्यासगट चालवीत होते. अभ्यास करावयाचा तो आपल्यासाठीं, हें त्या गांवास पदवीवांचून समजलें होतें.

तेव्हां आलापल्लीच्या परिसरांत ज्यास खरोखर कांहीं करावयाचें असेल त्यासाठीं एक काम आम्ही सुचवितों. एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडच्या डोंगरांत लोहखनिजाचें खोदकाम वाढलें, आणि खनिजाचे ट्रक आलापल्लीच्या रस्त्यानें धांवूं लागले, तेव्हां लाल धूळ पिकांवर बसते अशी तक्रार रस्त्याकडेच्या शेतकऱ्यांनीं केली. तक्रार खरी किती, खोटी किती, हें ठरविण्यास लागतें तें सारें कोणत्याहि विज्ञान महाविद्यालयांत असतें. रस्त्यालगतचीं पांच शेतें घ्यावींत आणि दोन किलोमीटर आंतलीं पांच. दर पंधरा दिवसांनीं ठरावीक पानें धुऊन, पाणी गाळून, धूळ वाळवून तोलावी. त्या धुळींत लोह किती, हें पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी परमँगनेटच्या अनुमापनानें काढूं शकतो. कापणीच्या वेळीं दोन्हीकडच्या एकेक चौरस मीटरांतील धान्य मोजावें. दोन्हीकडच्या घरांतील लहान मुलांचे खोकल्याचे दिवस आयांच्या संमतीनें टिपावेत. श्वास मोजावयाचे तर मण्यांची पाटी आहेच. रसायन, कृषि, वैद्यक आणि समाजशास्त्र या चारहि विभागांच्या अध्यापकांनीं हें काम वांटून घ्यावें, आणि शेतकऱ्यांचीं नांवें त्यांची हरकत नसेल तर लेखकांच्या रांगेंत छापावींत. आरंभ पाऊस ओसरल्यावर करावा. वर्ष संपलें कीं आंकडे प्रथम ग्रामसभेंत, माडिया-गोंडी जाणणाऱ्या विद्यार्थ्याकडून, वाचून दाखवावेत, मगच छापावयास द्यावेत. आणि धुळीचा पिकावर कांहींच परिणाम आढळला नाहीं, तर तेंहि जसेंच्या तसें छापावें.