लघवी गळते, हे आधी सांगा तरी

कर्जतहून मुंबई म्हणजे लोकलचा दोन तासांचा प्रवास. खोपोलीहून त्याहून जास्त. गाडीत संडास नाही. लघवी गळणारा माणूस सगळ्यात आधी मुंबईला जाणं सोडतो. मग महडच्या गणपतीला जाणं, मग सप्ताहात बसणं, मग भावकीतलं लग्न. घरचे म्हणतात, वय झालं, आता बाहेर पडायला नको वाटतं. खरं कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

पावसाळ्यात तर जास्तच हाल. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. धुतलेला लेंगा दोन-दोन दिवस वाळत नाही. ओल्या कपड्यांनी जांघा सोलवटतात. मग माणूस पाणीच कमी पितो. असं करू नका. लघवी घट्ट होते, जळजळ होते, जंतू वाढतात. गळायचं ते गळतंच.

यावर इलाज आहे, ऑपरेशनही आहे. पण सगळ्यांचं गळणं एका कारणाने नसतं. एकाला लागू पडलेलं ऑपरेशन दुसऱ्याच्या कामाचं नसतं. म्हणून शेजाऱ्याने काय केलं ते विचारण्याआधी आपलं कसं गळतं ते बघा.

धार बारीक झाली आहे, जोर करावा लागतो, रात्री तीन-चारदा उठावं लागतं, आणि तरी थेंब थेंब गळतं? मग प्रोस्टेटची गाठ वाढलेली असू शकते. वाट अडते, पिशवी भरते आणि वरून सांडते. इथे गळती बंद करायची नसते, अडलेली वाट मोकळी करायची असते. आधी बहुधा गोळ्या देतात. भागलं नाही तर लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून वाढलेला भाग काढतात, पोट कापत नाहीत. यात चालढकल नको. लघवी तुंबून राहिली तर मूत्रपिंडं खराब होतात.

एकदम घाई होते आणि संडासापर्यंत पोचेपर्यंत होऊन जाते? मग साखर तपासा. चहा कमी करा. ठराविक वेळाने जायची सवय लावा. गोळ्या आहेत. गोळ्यांनी नाही जमलं तर मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन देतात.

खोकलं, शिंकलं, भाताचं पोतं उचललं, लावणीला वाकलं की गळतं? पुरुषांत हे बहुतेक वेळा प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर होतं. विशेषतः कॅन्सरसाठी सगळी ग्रंथी काढली असेल तर. लघवी अडवून धरणारा स्नायू त्यात दुबळा होतो.

इथे मात्र धीर धरा. पुष्कळ जणांची गळती सहा महिने ते वर्षभरात आपोआप कमी होते. तोवर रोज व्यायाम करा. वारा अडवताना गुदद्वार जसं आवळतो, तसं आवळा. पाच मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट ताणू नका, श्वास रोखू नका. हा व्यायाम पैसे न घेता होतो, म्हणूनच बहुधा कोणी मन लावून करत नाही.

वर्षभर करूनही कपडे भिजत असतील, तर ऑपरेशनचा विचार करा. त्याचे मुख्य दोन प्रकार आहेत.

गळती थोडी किंवा मध्यम असेल तर जाळीची पट्टी बसवतात. डॉक्टर तिला स्लिंग म्हणतात. अंडकोषामागे लहान चीर देऊन ती लघवीच्या नळीखाली ठेवतात. नळीला आधार मिळतो. रोज काही दाबावं लागत नाही. पण गळती फार असेल किंवा त्या जागी रेडिएशन घेतलं असेल, तर पट्टीचा उपयोग कमी होतो.

गळती जास्त असेल तर कृत्रिम झडप. ही नवलाईची गोष्ट नाही, 1970च्या दशकापासून वापरात आहे. रक्तदाब मोजताना दंडाला पट्टा गुंडाळतात, तसा एक छोटा पट्टा लघवीच्या नळीभोवती बसवतात. त्यात पाणी भरलेलं असतं, त्यामुळे नळी मिटलेली राहते. अंडकोषाच्या पिशवीत एक लहान पंप असतो. लघवीला गेलात की तो दाबायचा. पट्टा सैल होतो, लघवी होते. दोन-तीन मिनिटांत पट्टा आपोआप पुन्हा भरतो. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे झडप बंदच ठेवतात. तेवढे दिवस गळतच राहतं. घाबरू नका.

चार गोष्टी आधीच समजून घ्या. पंप दाबायला हात धड हवा आणि लक्षात राहायला हवं. वस्तू बाहेरून येते, खर्च काही लाखांत जातो. झडप जन्मभर पुरत नाही, काही वर्षांनी बदलावी लागू शकते. कधी जंतू लागून काढावीही लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, झडपेचं कार्ड कायम खिशात ठेवा. उद्या अपघात झाला आणि कोणी झडप न उघडता लघवीची नळी घातली, तर आतून इजा होते. घरच्यांनाही हे पाठ हवं.

लघवीची नळी आतून फुगवून अरुंद करणाऱ्या इंजेक्शनचा पुरुषांत फारसा टिकाऊ उपयोग नाही. कोणी तेच गळ्यात मारत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. रस्त्याकडेच्या तंबूतल्या जडीबुटीवर मात्र एक रुपयाही घालवू नका.

लघवीतून रक्त गेलं, थंडी वाजून ताप आला, लघवी पूर्ण अडली किंवा पायांतली ताकद गेली, तर वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सुरुवात कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयापासून किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यापासून करा. पुढे मुंबईत केईएम, सायन आणि जे. जे. इथे मूत्ररोगाचा वेगळा विभाग आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा.

लोकलची भीती वाटत असेल तर मेडिकलमधून पॅड घ्या, किंवा बाहेरून लावायची कंडोम कॅथेटरची पिशवी घ्या. डॉक्टरांकडे जाण्याआधी तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता गेलो, किती प्यालो, कधी गळलं, किती पॅड लागले. एकटे जाऊ नका, बायकोला किंवा मुलाला बरोबर न्या. आणि डॉक्टरांनी विचारलं की वहीतला आकडा कमी करून सांगू नका, कारण पट्टी की झडप हे बरंचसं त्यावरच ठरतं.