दोन शब्दांमधली जागा कुणाच्या मालकीची?

मंडळी, या विकांताचा विषय अगदी बारीक आहे: दोन शब्दांमधली मोकळी जागा. हसू नका! परिच्छेद 'जस्टिफाय' केला, की प्रत्येक ओळीतल्या स्पेस किती ताणायच्या नि किती आवळायच्या हे सॉफ्टवेअर ठरवतं. नव्या आवृत्तीत हा हिशोब केसभर बदलला, तर एखादा शब्द वरच्या ओळीत चढतो, परिच्छेद एका ओळीने आटतो आणि पुढची पानं सरकतात. सूचीत हाताने टाकलेले पृष्ठक्रमांक खोटे ठरतात. लेखकाने मात्र एक अक्षरही बदललेलं नसतं.

यावर आपल्या धंद्यातलं ठरलेलं उत्तर म्हणजे 'नवीन आवृत्ती जास्त चांगली आहे, अपग्रेड करा'. असेलही चांगली. वर्डचंच घ्या. २०१३ च्या आधीचं वर्ड जस्टिफाय करताना एरवी स्पेस फक्त ताणायचं. २०१३ पासून ते आवळूही लागलं. मराठीत तर हे हवंच. 'विद्यार्थ्यांसाठीसुद्धा' असे आगगाडीएवढे शब्द आपण लिहितो आणि ते ओळीच्या शेवटी सहसा तोडत नाही. अशी गाडी खालच्या ओळीत गेली, की वर उरलेल्या चार शब्दांत खिंडारं पडतात.

पण सुधारणा नव्या मजकुराला लावा ना, जुन्याला कशाला? मायक्रोसॉफ्टने हे निम्मं पाळलं. जुनी फाईल 'कंपॅटिबिलिटी मोड'मध्ये उघडते आणि तिचा जुना हिशोब चालू राहतो. उरलेलं निम्मं म्हणजे तो हिशोब नेमका काय, हे सगळ्यांना सांगणं. २००६ साली एक्माने प्रसिद्ध केलेल्या ऑफिस ओपन एक्सएमएल प्रमाणकात 'वर्डपरफेक्ट ६ सारखं जस्टिफाय करा' अशा खुणा होत्या. सारखं म्हणजे कसं? ते लिहिलंच नव्हतं! पाककृतीत 'मीठ आजी घालायची तेवढं' लिहावं, तसला प्रकार. टीका झाल्यावर पुढे खुलासे जोडले गेले. आयएसओच्या मतदानात भारताने २००७ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये याच्या विरोधात मत दिलं. कारणं अर्थात बरीच होती, पण मला तरी हे एक पुरेसं वाटतं.

याउलट डोनाल्ड क्नुथ यांचं 'टेक्' बघा. तिथे स्पेस म्हणजे तीन आकडे: मूळ रुंदी, ताणायची मुभा, आवळायची मुभा. कम्प्युटर मॉडर्न रोमनच्या १० पॉइंट टाइपात ते साधारण ३.३३, १.६७ आणि १.११ पॉइंट आहेत. सगळं उघड, पुस्तकात छापलेलं. १९९० साली क्नुथसाहेबांनी जाहीर करून टाकलं, की आता नवीन काही नाही, फक्त बग दुरुस्त होतील. आवृत्तीचा क्रमांक पायकडे सरकतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या मृत्यूनंतर तो पाय करावा आणि उरलेल्या बगना वैशिष्ट्यं म्हणावं, अशी त्यांची इच्छा आहे :)

'मग काय सगळ्यांनी १९९० मध्येच थांबायचं का?' नाही हो. टेक्‌वर उभं असलेलं लेटेक् बदलतच असतं. पण २०१५ पासून फाईलच्या डोक्यावर जुनी तारीख लिहून त्याच्या गाभ्याला 'त्या दिवशी वागायचास तसा वाग' असं सांगता येतं. म्हणजे हे जमतं. इच्छा हवी.

'पीडीएफ करून ठेव की' हा सल्लाही ऐकलाय. पीडीएफ म्हणजे गोठवलेलं पान. दुसऱ्या आवृत्तीत मुद्राराक्षसाचे चार प्रताप निस्तरायचे, तर मूळ फाईलच उघडावी लागते, आणि घोळ तिथेच होतो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच: स्पेसचा नियम बदलायचा तर त्याला नंबर द्या, तो नंबर फाईलमध्ये लिहा, नियम जाहीर करा, आणि जुन्या फाईलला न विचारता नवा नियम लावू नका. हा कोड शेवटी आपल्यासारखेच लोक लिहितात. सोमवारी हापिसात कुणी रिलीज नोटमध्ये 'किरकोळ लेआउट सुधारणा' असं टंकायला लागला, तर त्याला एकदा विचारा: किरकोळ कुणासाठी?