गोंगाटाने शांतता विकत घेता येत नाही

नाट्यगृहात वाजणाऱ्या मोबाइलना उबगून अभिनेते सुबोध भावे यांनी जुलै 2019 मध्ये नाटकात काम न करण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हा अनेक रसिक खजील झाले. त्याच वर्षी मुंबई महापालिकेत नाट्यगृहांत जॅमर बसविण्याची मागणीही झाली. मागणीमागची चीड रास्त होती. मात्र हे यंत्र नेमके काय करते, याची चर्चा फारशी झाली नाही.

जॅमर शांतता निर्माण करीत नाही, तो गोंगाट करतो. मनोऱ्याकडून मोबाइलकडे संदेश ज्या लहरींवरून येतात, त्याच लहरींवर तो निरर्थक आवाजाचा मारा करतो आणि मोबाइलला मनोऱ्याची हाक ऐकू येईनाशी होते. जीपीएसचा संकेत तर सुमारे 20 हजार किलोमीटरवरून येतो. तो इतका क्षीण असतो की खिशात मावणारा जॅमरही त्याला गिळून टाकतो. शिवाय लहरींना भिंत, कुंपण वा सात-बाराचा उतारा ठाऊक नसतो. फ्रान्समधील मेसाँज गावात मध्यरात्रीपासून पहाटे तीनपर्यंत इंटरनेट बंद पडू लागले. शोध घेता आढळले की एका बापाने मुलांना रात्री इंटरनेटपासून दूर ठेवण्यासाठी जॅमर लावला होता! हे प्रकरण 2022 मध्ये जगजाहीर झाले. हेतू सज्जनपणाचा, पण त्या तीन तासांत कुणा शेजाऱ्याला रुग्णवाहिका बोलवावी लागली असती तर?

आपल्याकडे 1933 च्या वायरलेस कायद्याने परवान्याविना असे साधन बाळगणेच गुन्हा ठरविले होते. जानेवारी 2022 मध्ये दूरसंचार विभागाने जॅमरची जाहिरात, विक्री, वितरण आणि आयातही बेकायदा असल्याचे पुन्हा बजावले. अपवाद आहेत, पण केंद्र सरकारच्या परवानगीने. दूरनियंत्रित स्फोटकांपासून जवानांचा ताफा वाचविताना हेच यंत्र ढाल बनते. ढाल आहे म्हणून ती गल्लोगल्ली वाटायची नसते.

तरीही जॅमरच्या मंडलाकृतीवर वाकून बसलेल्या प्रत्येक तरुणाला देशद्रोही समजणे अन्यायाचे होईल. बहुतेकांना लहरींचे कुतूहलच खेचून नेते. खरा दोष आहे तो ‘कॉल ब्लॉकर’सारख्या निरुपद्रवी नावांनी हा माल खपविणाऱ्यांचा. नोटीस आधी त्यांच्या दारी जावी.

कुतूहलासाठी कायद्याने वेगळे दार उघडे ठेवले आहेच. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामीने अंदमानचा संपर्क तोडला, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या हॅम रेडिओ सहकाऱ्यांनी बेटांवरील माणसांचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचविले. व्यवसाय नव्हे, छंद होता त्यांचा. या छंदाच्या परवान्याची परीक्षा बारा वर्षांच्या मुलालाही देता येते. आपल्या किती शाळांच्या सूचनाफलकांवर तिची माहिती लागते?