पस्तीस इंची पराक्रम

पिकअप उंच करायला निघालेला माणूस सगळ्यात आधी काय निवडतो? रिम. काळी, मॅट, कडेने खोटे बोल्ट मारलेली. मग त्या रिमला शोभेल असा टायर. तो टायर मडगार्डला घासतो, म्हणून लिफ्ट किट. लिफ्टमुळे पुढच्या ड्राइव्हशाफ्टचे जॉइंट वाकडे चालायला लागतात, म्हणून आणखी एक किट. आणि अगदी शेवटी, हप्ते सुरू झाल्यावर, मूलभूत प्रश्न पडतो: ही घेऊन जायचं कुठे? त्याचं उत्तर मात्र ठरलेलं आहे. लोणावळा. पावसाळ्यात. डांबरी रस्त्याने.

हा क्रम बरोबर उलटा आहे, एवढंच मला सांगायचं आहे. पुढचं सगळं माझ्या करमणुकीसाठी. तुमचीही झाली तर हरकत नाही.

नमुन्यादाखल टोयोटाची हायलक्स घेऊ. आपल्याकडे ती २०२२ मध्ये आली. वरच्या मॉडेलला कारखान्यातून २६५/६० आर १८ मापाचे टायर येतात. हे आकडे भक्तिभावाने म्हणायचे नसतात, वाचायचे असतात. टायरची रुंदी २६५ मिलिमीटर. साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १५९ मिलिमीटर. रिम १८ इंची. साइडवॉल दोनदा घ्या, त्यात रिम मिळवा: ७७५ मिलिमीटर, म्हणजे साडेतीस इंच व्यास. सातवीतल्या पोराला जमेल असं गणित. दुकानात मात्र ते कोणी करत नाही. दुकानात होतं ते हे:

"दादा, तेहतीस टाकू का पस्तीस?"

"लुक कशात येईल?"

"पस्तीसमध्ये विषयच नाही."

खरं आहे. विषय असता तर कोणीतरी तो काढला असता.

मी काढतो. पस्तीस इंच म्हणजे ८८९ मिलिमीटर. मूळच्या टायरपेक्षा ११४ मिलिमीटरने मोठा. गिऱ्हाईक मनातल्या मनात साडेचार इंच वर जाऊन बसतं. अहो, खाली या. ॲक्सल असतो चाकाच्या मध्यावर, त्यामुळे व्यास कितीही वाढवा, गाडी चढते त्याच्या निम्मीच. हाती आले ५७ मिलिमीटर. तेहतिसाच्या नावाने २८५/७० आर १७ घेतलात तर व्यास ८३१, आणि गाडी २८ मिलिमीटर वर, म्हणजे इंचभर. एवढ्यासाठी लाखांच्या गोष्टी चालल्या आहेत.

"पण आम्ही चार इंची लिफ्ट किटपण टाकतोय ना!" टाका की. हायलक्सचा मागचा ॲक्सल अखंड आहे, पाट्यांवर बसवलेला. लिफ्टने बॉडी वर जाते, ॲक्सल जागचा हलत नाही. त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा जो गोळा आहे, जो नेमका दगडावर आपटतो, तो लिफ्टआधी जिथे होता तिथेच लिफ्टनंतरही असतो. पोट वर जातं, बंपर टेकण्याआधी गाडीला चढ घेता येतो, हे कबूल. पण डिफरन्शियल वर उचलायला टायर सोडून दुसरा मार्ग नाही. चार इंच खर्चून जमिनीला सगळ्यात जवळ असलेला भाग तसूभरही हलला नाही, आणि गडी बोनेटवर हात ठेवून फोटो काढतोय.

वर गाडी इतकी उंच झाल्यामुळे घरातल्या मोठ्या माणसांना चढता येईना. मग दारांखाली पायरी लावली. पायरी लोंबते खाली. म्हणजे जमिनीपासूनचं अंतर वाढवण्यासाठी गाडी वर घेतली आणि त्या वाढीवर ताबा मिळवण्यासाठी त्याच अंतरात लोखंड टांगलं! द्वंद्वात्मक भौतिकवादाला याहून सोपं उदाहरण मार्क्सलाही मिळालं नसतं.

आता त्या ५७ मिलिमीटरची किंमत मोजू. टायरचा घेर सुमारे १५ टक्क्यांनी वाढला. म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने प्रत्येक गियर १५ टक्क्यांनी लांब झाला. पहिला गियर पहिला राहिला नाही. घाटात जिथे गाडी तिसऱ्यात गाणं म्हणत चढायची, तिथे आता दुसऱ्यात कण्हते. अमेरिकेत पस्तीस टाकणारे लोक पाठोपाठ डिफरन्शियलमधलं क्राऊन-पिनियन बदलतात. वेगवेगळ्या गुणोत्तरांचे संच तिथे दुकानात तयार मिळतात. आपल्याकडे हा खर्च सांगितला की गिऱ्हाईक म्हणतं, "तो बाहेरून दिसतो का?" दिसत नाही. मग नको.

स्पीडोमीटरची गंमत वेगळीच. त्याला बिचाऱ्याला चाकाचे फेरे कळतात, चाकाचा आकार कळत नाही. काटा ९५ दाखवतो तेव्हा हिशेबाने गाडी १०९ ने पळत असते. कंपनीचा मीटर मुळात दोन-चार किलोमीटर फुगवून सांगतो, ते वजा धरा, तरी शंभरी ओलांडलीच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींची मर्यादा १०० ची. कॅमेऱ्याला तुमच्या टायरचा अभिमान नाही. ई-चलान आलं की हाच माणूस ओरडतो, "मी तर पंचाण्णवने चाललो होतो, सरकार लुटतंय!" सरकारवर टीका करायला शंभर कारणं आहेत हो, त्यात वर्तुळाचा परीघ कशाला?

ओडोमीटरही त्याच हिशेबाने कमी धावतो. शंभर किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी ११५ गेलेली असते. त्यामुळे कागदावर ॲव्हरेज आहे त्याहूनही वाईट दिसतं. दुःख खरं, पण तेही फुगवलेलं.

ब्रेकचं काय? डिस्क तीच, कॅलिपर तेच, चाक मात्र मोठं आणि जड. पस्तीस इंची मड टेरेन टायर नुसताच तीस किलोच्या आसपास भरतो, वर रिम वेगळी. एवढं वजन फिरवायचं आणि मग थांबवायचं, तेही ओल्या डांबरावर, जिथे मोठ्या गठ्ठ्यांच्या या टायरला धड पकड नसते. त्यात गाडीचा गुरुत्वमध्य वर गेलेला. एबीएस आणि स्थिरता राखणारी यंत्रणा कारखान्याने मूळ मापाचं चाक धरून जुळवलेली आहे, तिला तुमचे बेत कोणी कळवलेले नाहीत.

आणि स्टेपनी? हायलक्सची स्टेपनी मागच्या हौद्याखाली टांगलेली असते. पस्तिसाचा धोंडा तिथे मावत नाही. मग काय करतात? काही नाही. जुनीच ठेवतात. मागचं चाक पंक्चर झालं की एका बाजूला पस्तीस आणि दुसऱ्या बाजूला साडेतीस, अशी गाडी लंगडत निघते. डिफरन्शियलला वाटतं आपण अखंड वळणावर आहोत. दिवसभर वळतो बिचारा, गाडी सरळ जात असताना. मग गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे जावं, तर तो त्या टायरकडे आणि आपल्या मशीनकडे आळीपाळीने बघतो आणि विडी पेटवतो.

इथवर निदान मूर्खपणात एक शिस्त होती. रिमच्या बाबतीत तीही सुटते. उंच केलेल्या पिकअपला २० आणि २२ इंची रिम लावणारे लोक आहेत, आणि ते स्वतःला ऑफरोडर म्हणवतात. आता बघा. कच्च्या रस्त्यावर काम करते ती साइडवॉल. हवा पस्तीस पीएसआयवरून अठरा-वीसवर आणली की टायर पसरतो, जमिनीला लांबलचक चिकटतो, दगड अंगावर घेतो आणि गाडीला हिसके बसू देत नाही. यासाठी रबर लागतं, रिम नव्हे. पस्तीस इंची टायर १७ च्या रिमवर चढवला तर २२९ मिलिमीटर साइडवॉल मिळते. तोच पस्तीस २२ च्या रिमवर घ्या: १६५. मूळच्या हायलक्सची १५९ होती! म्हणजे एवढा सगळा यज्ञ करून सहा मिलिमीटर हाती लागले. हवा कमी करायची सोय नाही. केली तर खड्ड्यात रिम वाकते, आणि रिमची किंमत आठवून मालकही.

डकार रॅली तुम्ही मोबाइलवर पाहिली असेल. तुमच्या पार्किंगमधल्या वीराने तर नक्कीच. वाळवंटातून हजारो किलोमीटर उधळत जाणाऱ्या त्या सगळ्यात वरच्या गटातल्या गाड्यांना २०२२ पासून ३७ इंची टायर चालतात. रिम किती? १७. नासेर अल-अतियाने २०२२ आणि २०२३ साली ही शर्यत जिंकली ती हायलक्समधूनच, म्हणजे नाव हायलक्स, आत सगळं शर्यतीचं. जगातल्या सर्वांत अवघड शर्यतीला १७ पुरतात. औंधच्या सिग्नलला पुरत नाहीत.

रुंदीचाही एक सोस असतो. साडेबारा इंच रुंद टायर, त्याखाली बाहेर काढलेली रिम, वर स्पेसर. चाक मडगार्डच्या बाहेर आलं पाहिजे म्हणे, त्याने गाडी दबंग दिसते. दिसते खरी. पण चाक जेवढं बाहेर, तेवढा व्हील बेअरिंगवर आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर ताण. शिवाय मडगार्ड ज्या कामासाठी जन्माला आलं ते काम संपतं. चिखल थेट स्वतःच्या दारांवर, आरशांवर आणि शेजारच्या दुचाकीवाल्याच्या पांढऱ्या शर्टवर. पैकी दारांवरचा फोटोत येतो. शर्ट येत नाही.

दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप आठवा. जग पालथं घातलं त्या जीपने सहा इंच रुंद टायरवर. एवढं लांब कशाला? नारायणगावच्या बाजारात पहाटे जाऊन उभे राहा. टोमॅटोचे क्रेट छातीपर्यंत रचलेली बोलेरो पिकअप बघा. सतराशे किलो माल वाहायला बनवलेली आणि खाली सात इंच रुंद टायर, पंधराच्या रिमवर. ती शेतात उतरते, बांधावरून वळते, चिखलातून माल घेऊन बाहेर येते. वर्षाचे बारा महिने. तिचा चालक स्वतःला ऑफरोडर म्हणवत नाही. त्याला फुरसत नसते. पातळ चिखलात अरुंद टायर खाली कापत जाऊन घट्ट जमीन शोधतो, रुंद टायर वर तरंगत राहतो, हे त्याला वडिलांनी सांगितलेलं असतं. वाळूत उलट. म्हणजे टायर निवडण्याआधी जमीन ठरवावी लागते. पण रील कुठल्या जमिनीवर होणार एवढंच ज्याचं ठरलेलं आहे, त्याच्याशी मृदाशास्त्र काय बोलणार?

कायद्याचं थोडक्यात उरकतो, कारण तो या मंडळींनी केव्हाच उरकला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे फेरबदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात शिक्षाही आली: मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि हा दंड गाडीमागे नाही, प्रत्येक फेरबदलामागे. लिफ्ट एक, टायर दोन, स्पेसर तीन, कापलेलं मडगार्ड चार... मोजत बसा. हाच माणूस इंजिनातून आवाज आला की वॉरंटी मागायला जातो आणि धडक झाली की विम्याचा दावा लावतो. सर्व्हेअर गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि पेन खिशात ठेवतो.

अमेरिकेचं उदाहरण देऊ नका. तिथे हा वेडेपणा जुना आणि मुबलक आहे, म्हणूनच तिथल्या सरकारांचाही संयम संपलाय. पिकअपचं नाक वर आणि शेपूट खाली अशी एक फॅशन तिकडे आली. चालकाला समोरचा रस्ता सोडून आकाश दिसायचं. नॉर्थ कॅरोलायनाने २०२१ मध्ये, व्हर्जिनियाने २०२२ मध्ये आणि साउथ कॅरोलायनाने २०२३ मध्ये ती कायद्याने बंद केली. आपल्याकडे कायदा आधीपासून आहे आणि फॅशन आता येतेय. आपली प्रगती नेहमीच अशी.

मग टायर निवडायचा कसा? आधी जमीन. मग तिला लागेल तेवढाच व्यास. मग ब्रेकवर बसेल ती सगळ्यात लहान रिम. आणि लिफ्ट, लागलीच तर, त्या टायरला पुरेल एवढीच. बहुतेकांना लागणारच नाही.

आणि ज्यांना खरोखर पानशेतच्या मागच्या कच्च्या वाटांवर जायचंय, त्यांच्यासाठी शेवटची बातमी. हायलक्सच्या खालच्या मॉडेलला कंपनीच २६५/६५ आर १७ टायर देते. व्यास ७७६ मिलिमीटर, वरच्या मॉडेलहून एका मिलिमीटरने जास्त, म्हणजे मीटर खोटं बोलत नाही. साइडवॉल १५९ ऐवजी १७२. थारचंही तेच झालं: २०२० साली नवी थार आली तेव्हा महागड्या एलएक्सला १८ ची रिम आणि १६६ ची साइडवॉल मिळाली, स्वस्तातल्या एएक्सला १६ ची रिम आणि १८४ ची. दगडधोंड्यांसाठी जास्त चांगलं चाक दोन्ही कंपन्यांनी कमी पैशांच्या गाडीला लावलं. जास्तीचे पैसे घेतले ते रबर काढून घेण्याचे.